सुएझचा कालवा कोणी खणला?

कालवा म्हणजे काय, हे घनसावंगीच्या माणसाला समजावून सांगण्याचे कारण नाही. पैठणच्या धरणातून निघालेला डावा कालवा आपल्या तालुक्यातूनच पुढे परतूर, पाथरीकडे जातो. तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, रांजणी ह्या बाजूंनी आज येथे आलेल्या मंडळींपैकी पुष्कळांच्या शेताची बरकत आणि पुष्कळांच्या शेताचे भांडण त्याच्या पाण्याशी बांधलेले आहे. हा कालवा सुमारे २०८ किलोमीटर लांबीचा आहे. आणि ज्या सुएझच्या कालव्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत तो १८६९ साली खुला झाला, तेव्हा अवघा १६४ किलोमीटर लांबीचा होता. जगाच्या व्यापाराची वाट ज्याने बदलली तो कालवा लांबीने आपल्या डाव्या कालव्यापेक्षा आखूड होता, हे ऐकून आपल्याला जरा मौज वाटेल. परंतु दोघांची जात निराळी. आपल्या कालव्यात पाणी हाच माल. तो उताराने वाहत जातो आणि शेतात उतरतो. सुएझच्या कालव्यात पाणी हा रस्ता. दोन्ही टोकांना समुद्र, दोहोंच्या पातळीत जवळजवळ फरक नाही, म्हणून वाटेत एकही दार नाही, पायऱ्या नाहीत. एका समुद्रातून शिरलेले जहाज सपाट पाण्यावरून दुसऱ्या समुद्रात निघते.

आम्ही इंजिनिअर नव्हे आणि प्राध्यापकही नव्हे. हमाल, बांधकाम मजूर, ऊसतोडणीची माणसे ह्यांच्या संघटना बांधण्यात आमची तीस वर्षे गेली, आणि शाळेने जेवढे शिकवायचे राहिले होते तेवढे सार्वजनिक वाचनालयांनी शिकवले. ह्या धंद्यामुळे आम्हांला एक खोड लागली आहे. कोणत्याही मोठ्या बांधकामाचा इतिहास हाती आला, की आम्ही प्रथम त्यातले हजेरीचे पान शोधतो. माती कोणी उचलली, रोज काय पडला, पाणी कोठून पिले, आजारी पडल्यावर काय झाले? सुएझवरील पुस्तकांत फर्दिनां द लेसेप्स ह्यांचे नाव पहिल्या पानावर सापडते. खणणाऱ्यांची गाठ पडण्यासाठी मात्र बरीच पाने उलटावी लागतात.

लाल समुद्र आणि भूमध्य समुद्र ह्यांना जोडण्याची कल्पना लेसेप्सची नव्हे, ती हजारो वर्षांची जुनी. फरोंच्या काळी नाईल नदीतून लाल समुद्राकडे कालवा काढण्याचे प्रयत्न झाले. नेको नावाच्या राजाने काम सुरू केले, पुढे इराणचा सम्राट दार्युश ह्याने ते तडीस नेल्याचे शिलालेख आहेत, आणि तो कालवा बुजत, उपसला जात, पुन्हा बुजत कसाबसा आठव्या शतकापर्यंत टिकला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो, की नेकोच्या कालव्यावर १,२०,००० माणसे मेली. हा आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

नेपोलियन १७९८ साली इजिप्तमध्ये उतरला तेव्हा त्याने मोजणी करवली. त्याच्या मोजणीदारांनी हिशेब मांडला, की लाल समुद्राची पातळी भूमध्य समुद्राहून सुमारे दहा मीटरने उंच आहे. म्हणजे कालवा फोडला तर नाईलचे सारे खोरे बुडेल! एवढ्या एका चुकीने पन्नास वर्षे लोक ह्या कामापासून दूर राहिले. १८४७ साली बुर्दालू ह्या फ्रेंच मोजणीदाराने पुन्हा मोजणी केली, तेव्हा दोन्ही समुद्र समपातळीत असल्याचे सिद्ध झाले. आमच्याकडे शेताच्या बांधाची मोजणी चुकली तर दोन भावांत तीन पिढ्या बोलणे होत नाही. तेथे मोजणी चुकल्याने दोन समुद्रांची भेट अर्धे शतक लांबली.

लेसेप्स हा मूळचा फ्रेंच वकील, म्हणजे परराष्ट्र खात्याचा अधिकारी. इजिप्तमध्ये नोकरीत असताना तेथील राजघराण्यातील सैद नावाच्या लठ्ठ मुलाशी त्याची दोस्ती झाली होती. बाप मुलाला सक्तीने उपाशी ठेवी, आणि हा मुलगा लेसेप्सच्या घरी येऊन पोटभर खाई, अशी कथा सांगतात. तोच सैद १८५४ साली गादीवर आला, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला त्याने लेसेप्सला कालव्याचा परवाना दिला. १८५८ च्या अखेरीस कंपनी उभी राहिली. वीस कोटी फ्रँकांचे भांडवल, त्याचे चार लाख भाग. निम्म्याहून थोडे अधिक भाग फ्रान्सच्या लोकांनी घेतले. इंग्लंडने, रशियाने, ऑस्ट्रियाने पाठ फिरवली, तेव्हा न खपलेल्या भागांचा बोजा लेसेप्सने बालमित्राच्या गळ्यात घातला. सैदच्या नावे सुमारे १,७७,००० भाग झाले. तिजोरीत एवढा पैसा नव्हता, मग कर्ज. इजिप्तच्या पुढील साऱ्या दुःखाचे बीज येथे पडले. लेसेप्सची धडाडी आम्हांला मान्य आहे, तिच्याविषयी आदरही वाटतो. पण मित्राच्या भोळेपणाचा एवढा लाभ उठवणाऱ्या माणसाची थोरवी आम्ही थोडी हात राखूनच गातो.

परवान्यात एक कलम होते, की कामावरील मजुरांपैकी पाचात चार तरी इजिप्तचे असावेत. वाचायला हे कलम फार गोड आहे. स्थानिकांना रोजगार, असे आज कोणी म्हणेल. १८५६ साली सैदने मजुरांसंबंधी हुकूम काढला, त्यात रोज ठरवून दिला. मोठ्या माणसाला अडीच ते तीन पियास्त्र, बारा वर्षांखालील मुलांना एक पियास्त्र. इस्पितळाची आणि खाण्याची तरतूद कागदावर होती, आणि हा रोज तेथील चालू रोजापेक्षा चढाच होता. कंपनीचे वकील हा हुकूम मोठ्या अभिमानाने दाखवीत. पण मजूर पुरवण्याची जबाबदारी सरकारने पत्करली होती, आणि सरकार मजूर कसे पुरवते हे निजामी राजवट पाहिलेल्या ह्या मुलखाला वेगळे सांगायला नको. त्या पद्धतीला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वेठ. पाटील, तलाठी, जमादार येऊन घरटी माणूस मागतो, आणि माणूस जातो. रोज मिळाला म्हणून वेठीचा रोजगार होत नाही. नाही म्हणण्याची सोय जेथे नाही, तेथे मजुरी चार पैसे जास्त दिली काय आणि कमी दिली काय, काम वेठीचेच राहते.

काम सुरू झाले २५ एप्रिल १८५९ रोजी, भूमध्य समुद्राच्या काठी, वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीवर. तेथेच पुढे पोर्ट सैद हे शहर वसले. त्या दिवशी तेथे प्यायला गोडे पाणी नव्हते. ही गोष्ट आम्हांला सगळ्या इतिहासात महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. दोन समुद्र जोडायला निघालेल्या कंपनीचे पहिले संकट पाण्याचेच होते. दूरच्या दमिएताहून नावांनी पाणी आणावे, उंटांवर पखाली लादून छावण्यांपर्यंत न्यावे, खारे पाणी तापवून त्याच्या वाफेचे गोडे पाणी करावे, असे नाना खटाटोप चालत. उंटांचा तांडा उशिरा आला, की छावणी तहानेली राही. शेवटी सगळ्यांना उमगले, की जहाजांचा कालवा खणायचा तर आधी माणसांसाठी नाईलच्या पाण्याचा कालवा खणला पाहिजे. तो गोड्या पाण्याचा कालवा २ फेब्रुवारी १८६२ रोजी वाळवंटाच्या मध्यावर तिम्सा सरोवरापर्यंत आला, आणि १८६३ च्या डिसेंबरअखेर सुएझ गावात पोचला. ज्या सुएझ गावात पिढ्यान्‌पिढ्या पाणी विकत घेत, तेथे नाईलचे पाणी वाहू लागले. त्याच्या काठाने बागा झाल्या, शेती झाली. जहाजांच्या कालव्याचे चित्र सर्वांनी पाहिलेले असते, त्याला जगवणारा हा पाटाचा कालवा मात्र सहसा कोणाला ठाऊक नसतो. आपल्या डाव्या कालव्याचा सख्खा भाऊ तेथे कोणता असेल तर तो हा.

उत्तरेकडचा पहिला टप्पा मंझाला नावाच्या उथळ, चिखलाच्या सरोवरातून होता. पाण्याखाली असा लिबलिबित गाळ, की फावड्यावर ठरेना, टोपलीत राहीना. काठावर राहणाऱ्या कोळी लोकांना तेथे लावले. ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहत, दोन्ही हातांनी गाळाचा गोळा उचलत, छातीशी दाबून त्यातले पाणी पिळून काढीत, आणि तो गोळा काठावर नेऊन ठेवीत. ऊन त्याला वाळवी, मग त्यावर दुसरा थर. एकोणिसाव्या शतकातील यंत्रविद्येचा चमत्कार म्हणून ज्याची वर्णने झाली, त्याचा पहिला बांध माणसांनी उराशी धरून घातला आहे.

त्याच्या दक्षिणेला एल गिस्रची टेकाडे. समुद्रसपाटीपासून पंधरा-वीस मीटर उंच वाळूचा उंचवटा फोडून काढायचा होता. येथे १८६१ च्या अखेरीपासून वेठीचा खरा मारा सुरू झाला. दरमहा सुमारे वीस हजार शेतकरी, ज्यांना तिकडे फेल्लाह म्हणतात, कामावर आणले जात. मुदत एका महिन्याची. पण वरच्या इजिप्तमधून नावेने नाईल उतरून, पुढे वाळवंट पायी तुडवून येण्यात आणि तसेच परतण्यात दिवसांमागून दिवस जात. म्हणून वीस हजार कामावर, वीस हजार येणाऱ्या वाटेवर आणि वीस हजार परतीच्या वाटेवर, असे साठ हजार हात एकाच वेळी शेतापासून तुटलेले असत. पेरणीच्या वेळी माणूस नेला तर पुढील वर्षभर त्या घरात काय शिजते, हे इजिप्तच्या शेतकऱ्याला कळत होते आणि आपल्यालाही कळते. हत्यारे अपुरी. टोपल्यांतून वाळू वर न्यायची, कोणी हातांनीच उकरायची. १८ नोव्हेंबर १८६२ रोजी भूमध्य समुद्राचे पाणी तिम्सा सरोवरात शिरले तेव्हा मोठा समारंभ झाला. तो अरुंद, उथळ चर जवळजवळ सारा माणसांच्या हातांनी खणलेला होता.

आता इंग्रजांकडे वळू. ह्या वेठीविरुद्ध लंडनच्या पार्लमेंटात आणि वृत्तपत्रांत मोठा गहजब झाला. गुलामगिरी, मानवतेला काळिमा, असे शब्द निघाले. शब्द खरे होते. पण ते बोलणाऱ्यांच्या मनात काय होते? पामर्स्टन हा इंग्लंडचा मुख्य प्रधान कालव्याचा कट्टर वैरी; फ्रान्सच्या हाती हिंदुस्थानची वाट जाईल ही त्याची धास्ती. आणि ज्या इंग्रजांना सुएझच्या वेठीचे एवढे दुःख झाले, त्यांच्याच इंजिनिअरांनी अलेक्झांड्रिया ते कैरोचा लोहमार्ग १८५० नंतरच्या दशकात वेठीच्याच मजुरांकडून बांधून घेतला होता. त्या वेळी कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही.

तेवढ्या लांब कशाला जा? नेमक्या त्याच वर्षांत, १८५६ ते १८६३, आपल्या बोरघाटाचा लोहमार्ग होत होता. १८६१ च्या आरंभी तेथे बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे कामावर होती. पंचवीस बोगदे, खोल दऱ्या, सुरुंग, पटकी आणि तापाच्या साथी. तेथे मेलेल्यांचा अंदाज वीस हजारांच्याही वर करतात. ठेकेदार ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच आजारी पडून मेला, त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल ह्या बाईने, तो ठेका पुरा करवला. हे नाव इतिहासात आहे आणि ते असावे. पण घाटात मेलेल्या एकाही मजुराचे नाव शाळेच्या पुस्तकात आम्हांला दिसले नाही. बोरघाटातले हे मजूर वेठीचे नव्हते, मुकादमांनी रोजाची आशा दाखवून आणलेले होते, हा भेद आम्ही मानतो. मात्र आमच्या ऊसतोडणीच्या माणसांना उचल देऊन ट्रकमध्ये बसवताना आम्ही पाहिले आहे. वेठ आणि रोजगार ह्यांच्या मधल्या पट्ट्यात किती माणसे राहतात ह्याची मोजणी कोणा बुर्दालूने अजून केलेली नाही.

१८६३ च्या जानेवारीत सैद वारला आणि इस्माईल गादीवर आला. त्याने जाहीर केले, की वेठ बंद करणार. ह्यात दयेचा भाग होता, इंग्रजांचा व तुर्की सुलतानाचा दाब होता, आणि तिसरे एक कारण होते ते आपल्या काळ्या मातीच्या ओळखीचे आहे. अमेरिकेत १८६१ पासून यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठी तोंड वासून बसल्या होत्या. मुंबईत त्या चार वर्षांत पैशाचा पाऊस पडला. खानदेश, वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. १८६५ साली युद्ध थांबताच मुंबईचे सट्टेवाले कोसळले. तोच पाऊस इजिप्तमध्येही पडत होता. इस्माईलला आपले फेल्लाह वाळू उपसण्यापेक्षा कापसाच्या शेतात हवे होते. माणसाची सुटका पुष्कळदा अशा भावतावातून होते. म्हणून ती सुटका खोटी ठरत नाही. सुटली ती माणसे खरोखर घरी गेली.

परंतु कंपनीने नुकसानभरपाई मागितली! वेठ बंद केल्याने आमचा तोटा झाला, तो इजिप्तने भरून द्यावा. लवाद म्हणून कोण बसला? फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन, ज्याच्या प्रजेचा पैसा कंपनीत गुंतलेला. १८६४ च्या जुलैत निवाडा झाला. इजिप्तने कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक द्यावेत. त्यातील ३ कोटी ८० लाख केवळ वेठीचे मजूर काढून घेतल्याबद्दल. बाकीचे जमिनीचे आणि गोड्या पाण्याच्या कालव्याचे. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पान मागे उलटून पुन्हा वाचले. ज्यांनी वाळू उपसली त्यांना भरपाई नाही. ज्यांना फुकटात हात मिळत होते ते हात गेले म्हणून त्यांना भरपाई, आणि ती भरायची त्याच शेतकऱ्यांच्या सारापट्टीतून. आमच्या धंद्यात अशा तऱ्हेचा न्याय अगदीच अनोळखी नाही. एका गोदामात, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, पोती अंगावर पडून हमाल जायबंदी झाला, तेव्हा मालकाने आधी फुटलेल्या पोत्यांचा हिशेब काढला होता. पण तीन कोटी ऐंशी लाखांचा आकडा त्याच्याही पलीकडचा आहे.

ह्या पैशाने लेसेप्सचे काम तरले. माणसे गेली तेव्हा यंत्रे आणावी लागली, आणि वेठ बंद झाल्यामुळेच कालव्यावर वाफेची यंत्रे आली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बोरेल आणि लाव्हालेय ह्या फ्रेंच ठेकेदारांनी गाळ उपसणारी अजस्र ड्रेजर यंत्रे तयार केली. अशी साठेक यंत्रे कालव्यावर चालली. लोखंडी बादल्यांची माळ तळाचा गाळ खरवडून वर आणी आणि सत्तर मीटरपर्यंत लांब पन्हळीतून तो सरळ काठापलीकडे ओती. एकूण खोदाई सुमारे साडेसात कोटी घनमीटर झाली. आपल्या रोजगार हमीच्या हिशेबाने सांगायचे तर अडीच कोटी ब्रासांहून अधिक. त्यातील मोठा भाग ह्या यंत्रांनी शेवटच्या चार-पाच वर्षांत उपसला. इजिप्शियन मजूर तेव्हाही होते, आता खुशीच्या रोजावर; शिवाय ग्रीक, इटालियन, दाल्मेशियन, सिरियन. १८६५ च्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली तेव्हा छावण्याच्या छावण्या रिकाम्या झाल्या. काही माणसे मेली, पुष्कळ पळाली.

मेली किती? कंपनीच्या डॉक्टरांचे अहवाल सांगतात, की मृत्यूचे प्रमाण अगदी अल्प. त्याच्या उलट इजिप्तचे अध्यक्ष नासर ह्यांनी १९५६ साली आपल्या सुप्रसिद्ध भाषणात आकडा दिला १,२०,०००. हिरोडोटसने नेकोच्या कालव्याविषयी दिलेला हाच तो आकडा! दोन कालवे, मधे अडीच हजार वर्षे, आणि मृत्यूसंख्या तंतोतंत एक, असे घडत नसते. इतिहासकार नासरांचा आकडा फार फुगलेला मानतात, आणि तो तसा आहे असे आमचेही मत आहे. कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्याने आकडा फुगवू नये. एक खोटा आकडा दहा खऱ्या आकड्यांची पत घालवतो. पण कंपनीच्या अहवालावरही आम्ही अंगठा उठवणार नाही. डॉक्टर कंपनीचा, छावणी कंपनीची, आणि महिना भरल्यावर परतीच्या वाटेवर जो कोसळला तो कंपनीच्या छावणीत मेला नाही.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा खुला झाला. फ्रान्सची सम्राज्ञी यूजेनी हिचे जहाज पुढे, मागे युरोपच्या राजेरजवाड्यांची रांग. इस्माईलने हजारो पाहुणे आपल्या खर्चाने बोलावले, कैरोत नवे नाट्यगृह उभारले. ह्या समारंभाची वर्णने कोणालाही सहज मिळतील, म्हणून आम्ही ती सोडून देतो. तळाला बावीस मीटर रुंद आणि आठ मीटर खोल असा हा कालवा अंदाजाच्या दुपटीहून अधिक खर्चात झाला. इस्माईलचे कर्ज वाढत वाढत नऊ-दहा कोटी पौंडांच्या घरात गेले. १८७५ साली त्याने आपले १,७६,६०२ भाग विकायला काढले, आणि ज्या इंग्लंडने कालव्याला जन्मभर विरोध केला, त्याच इंग्लंडच्या डिझरायलीने रॉथशिल्ड सावकाराकडून चाळीस लाख पौंड उचलून ते एका झटक्यात घेतले. १८८० साली नफ्यातला इजिप्तचा पंधरा टक्के वाटाही गेला. ज्याच्या जमिनीवर, ज्याच्या घामाने, बव्हंशी ज्याच्या पैशाने कालवा झाला, त्या देशाचा कालव्याच्या नफ्यात छदाम राहिला नाही. १८८२ साली इंग्रज फौजा त्याच कालव्यातून आत शिरल्या आणि इजिप्त ताब्यात गेला. त्या स्वारीत हिंदुस्थानी पलटणीही नेल्या होत्या, आणि त्यांच्या खर्चाचा मोठा भाग हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला गेला.

त्याच १८८२ सालच्या एप्रिलमधली एक लहानशी घटना आम्हांला ह्या सर्व राजकारणाहून मोलाची वाटते. पोर्ट सैदला जहाजांवर कोळसा भरणारे हमाल असत. डोक्यावर टोपली, अरुंद फळीवरून वर, टोपली ओतून खाली, पुन्हा वर. आगबोट थांबली की रात्र असो वा दिवस. ह्या हमालांनी मजुरी वाढवून मागण्यासाठी संप केला. इजिप्तमधील आधुनिक कामगार चळवळीच्या आरंभीच्या संपांत ह्याची गणना होते. दोनच वर्षांनी, १८८४ साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. पोर्ट सैदच्या हमालांची वार्ता लोखंड्यांच्या कानी गेली होती असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. तथापि एकाच पाण्याच्या दोन टोकांना, एकाच आगबोटीच्या येण्याजाण्यावर पोट भरणारी ही माणसे होती.

मुंबईवर कालव्याचा परिणाम झपाट्याने झाला. आफ्रिकेला वळसा घालून लंडनहून येणारी वाट जवळजवळ चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी तुटली. शिडाच्या जहाजांना लाल समुद्रातले वारे आणि कालव्याची अरुंद वाट सोसत नसे, म्हणून दिवस आले ते आगबोटींचे. १८७३ साली मुंबई बंदराचा पोर्ट ट्रस्ट झाला, १८७५ साली ससून गोदी, १८८० साली प्रिन्सेस गोदी. लँकेशायरचे कापड स्वस्तात उतरू लागले आणि विणकराचा माग बसला, हे खरे. पण मुंबईच्या गिरण्यांची यंत्रसामग्रीही त्याच वाटेने आली, हेही खरे. रत्नागिरीकडचे खलाशी ह्या आगबोटींवर चढले. इकडे १८७० च्या सुमारास लोहमार्ग खामगाव, अमरावतीच्या कापसापर्यंत पोचला, आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालन्यापर्यंत आला. जालन्याच्या बाजारात बांधलेली कापसाची गाठ गाडीने मुंबई आणि सुएझमार्गे युरोप गाठू लागली. लिव्हरपूलचा भाव आणि घनसावंगीच्या शेतकऱ्याचे नशीब ह्यांची गाठ बसली. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात दख्खनेत माणसे अन्नावाचून मरत असताना गहू ह्याच वाटेने इंग्लंडला जात राहिला. वाट जवळ झाली म्हणजे आपल्या घरात धान्य येईल असे नाही. आपल्या घरातलेही जाऊ शकते.

पुढील इतिहास अनेकांच्या स्मरणातला किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला आहे. २६ जुलै १९५६ रोजी अलेक्झांड्रियात नासर बोलायला उभे राहिले. बोलता बोलता लेसेप्सचे नाव ते पुन्हा पुन्हा घेऊ लागले. ऐकणाऱ्यांना नवल वाटले. पण ते नाव हीच खूण ठरली होती. रेडिओवर ते ऐकताच इजिप्तच्या अधिकाऱ्यांनी कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. सप्टेंबरात परदेशी वाटाडे, म्हणजे जहाज कालव्यातून नेणारे पायलट, एकदम काम सोडून गेले. सर्वांना वाटले, आता वाहतूक ठप्प होणार. इजिप्तच्या मूठभर वाटाड्यांनी आणि त्यांच्यासोबत राहिलेल्या ग्रीक सोबत्यांनी पाळ्यांवर पाळ्या करून जहाजे चालू ठेवली. नंतर इंग्रज, फ्रेंच, इस्रायली सैन्ये चालून आली. आपल्या देशाने ह्या आक्रमणाचा निषेध केला. अखेर त्यांना परतावे लागले, आणि १९५७ च्या एप्रिलमध्ये बुडालेली जहाजे काढून कालवा पुन्हा खुला झाला. कंपनीच्या भागधारकांना इजिप्तने भरपाईही दिली. ह्या वेळी भरपाईचा हिशेब निदान लवादाच्या घरचा नव्हता.

१९६७ च्या युद्धात कालवा बंद पडला, तो थेट ५ जून १९७५ पर्यंत. आमच्या वडीलधाऱ्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि परदेशची तांबडी मिलो खाल्ली, तेव्हा सुएझच्या कालव्यात जहाजे गंजत उभी होती. त्याच काळात इकडे जायकवाडीचे काम चालू होते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादुर शास्त्रींनी पायाभरणी केली होती, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले.

पनामाच्या कालव्याविषयी स्वतंत्र बोलावे लागेल. आज एवढेच, की लेसेप्स म्हातारपणी तेथे गेला आणि १८८९ साली दिवाळे काढून बसला, आणि नंतर अमेरिकेने १९०४ ते १९१४ मध्ये तो कालवा पुरा केला तेव्हा पगाराच्या दोन याद्या होत्या. गोऱ्या अमेरिकनांची सोन्याची यादी, वेस्ट इंडीजच्या काळ्या मजुरांची चांदीची यादी. दुकाने, खाणावळी, टपालाच्या खिडक्यासुद्धा वेगळ्या. तेथील अमेरिकन काळातले ५,६०९ मृत्यू कागदावर आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य चांदीच्या यादीतले.

सुएझवर पुन्हा येऊन थांबतो. २०१५ साली इजिप्तने कालव्याचा काही भाग दुहेरी केला; आज त्याची लांबी १९३ किलोमीटर धरतात. २३ मार्च २०२१ रोजी चारशे मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ नावाचे जहाज त्यात आडवे रुतले आणि सहा दिवस साऱ्या जगाचा व्यापार खोळंबला. वृत्तपत्रांत रोज अब्जावधींच्या तोट्याचे आकडे येत होते. जहाजावर पंचवीस खलाशी होते, पंचवीसही हिंदी. २९ मार्चला जहाज सुटले, वृत्तपत्रांचा रस संपला. पण भरपाईच्या दाव्यासाठी ते बिटर सरोवरात अडकवून ठेवण्यात आले, आणि कालव्याचे अधिकारी, जहाजाचे मालक आणि विमा कंपन्या ह्यांचा सौदा जमेपर्यंत त्या खलाशांपैकी बहुतेकांना जहाजावरच राहावे लागले. जहाज निघाले ते ७ जुलैला.